पहिल्या ओळीतले तुकोजी

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

आत्या,

आधी दुरुस्ती. सवय तुम्हीच लावलेली आहे. नवं लिहिण्याआधी जुन्यात काय चुकलं ते मोठ्यानं सांगायचं आणि मगच पाटी पुसायची.

मागच्या रविवारच्या पत्रात मी लिहिलं की फोनवर मी तुम्हाला फक्त विचारलं आणि तुम्ही रागावून फोन आपटलात. हे खरं नाही. मी विचारलं नाही. "आत्या, तुम्ही आम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलंत," असं म्हटलं, आणि ओरडून म्हटलं, कारण खालून वरात चालली होती. तुम्ही फोन आपटला नाहीत. "तू पुस्तक लिहितेस की पंचनामा?" एवढं म्हणालात आणि ठेवलात. तुमच्याकडे फोन स्पीकरवर होता आणि समरजीतदादा आणि हेमांगीवहिनी शेजारीच जेवत होते, हे दादानं मला नंतर सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बोललेच नसते, असं लिहायचा मोह होतोय, पण तेही खरं नाही. हळू बोलले असते.

तेव्हापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पत्र. दादा म्हणतो, पहिलं पोचलं आणि तुम्ही ते औषधांच्या डब्याखाली ठेवलंय. वाचलंत की नाही, हे त्याला सांगता येत नाही. पुण्याला जाऊन सहा वर्षं झाली तुम्हाला, पण आईच्या डब्याखाली हात घालायची त्याची अजून हिंमत नाही.

तुम्हाला ठाऊक असलेलंही आता पहिल्यापासून लिहिते. आपल्या दोघींच्या डोक्यात एकच हकिगत आहे, याची मला खात्री राहिलेली नाही.

गेली चार वर्षं मी छावनीतल्या, आपल्यासारख्या फौजेबरोबर आलेल्या मराठी घरांत जाऊन विचारते आहे की तुमच्याकडे काय शिजायचं, कोण शिजवायचं आणि इथं येऊन त्यात काय बदललं. बाजरी केव्हा सुटली. कढीत पकोडे कोणाच्या सुनेनं आणले. एकतीस घरं झाली. प्रेसमधून सुटल्यावर जाते, आणि रविवारी. राजवाडा या पुस्तकात नव्हताच. पणजोबा तुकोजींचं एक पान सोडून.

आणि हे पुस्तक कोणालाही नको होतं. दिल्लीचे हिंदी प्रकाशक फोनवर म्हणाले, "मैडम, मराठी खाना भी और ग्वालियर भी? पाठक कन्फ्यूज हो जाएगा। दोनों में से एक रख लीजिए।" मुंबईच्यांनी विचारलं, पाककृती किती? मी म्हटलं बावीस, पण त्या हकिगतीच्या ओघात येतात. ते म्हणाले, ओघ काढा, शंभर करा, आणि मीठ चवीनुसार न लिहिता चमच्यात लिहा. तिसऱ्यांनी पुस्तकाबद्दल काहीच विचारलं नाही. इन्स्टाग्रामवर किती माणसं आहेत, एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं, एकशे बारा. त्यातले चाळीस जण आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापून घेतलेले. नागपूरच्या एका बाईंचं उत्तर सात महिन्यांनी आलं: विषय चांगला आहे, ग्वाल्हेरच्याच कोणा प्रकाशकाला विचारून पाहा. ग्वाल्हेरच्याच! इथं मराठीत छापणारा माणूस म्हणजे नई सडकवरचे रमाकांतजी, माझे मालक. ते म्हणतात, "मी छापतो ना तुझी किताब. दो दिन में. वरती गणपती टाकावा लागेल फक्त, ब्लॉक तयार आहे."

शेवटी स्मृतीनं प्रस्ताव वाचला. माझी मैत्रीण, जनावरांच्या दवाखान्यात काम करते ती. म्हणाली, "पणजोबा राजवाड्यात स्वयंपाकी होते आणि तू ते चौथ्या पानावर दडवलंस? पागल है क्या? वर घे." मी वर घेतलं. पहिली ओळ केली: "माझे पणजोबा तुकोजी खराडे महाराजांच्या मुदपाकखान्यात होते आणि त्यांच्या हातचा रोट आमच्या घरी आजही दसऱ्याला होतो."

ऑक्टोबरात तेवढं एक पान पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांच्या संपादक तन्वी यांचा फोन. त्यांना पूर्ण प्रस्ताव हवा होता आणि नमुन्याचं एक प्रकरण. रोटाचं. "पण पाककृती नीट तपासून हं."

म्हणून मी तपासायला गेले.

रोट लिहिते, तुम्ही शिकवलेला, वहीत आहे तसाच. गहू-जवाची जाडसर कणीक बारा शेर, गूळ तीन शेर, हळद, हिंग, ओवा, मिरी, सुंठ, काळं मीठ. कडुनिंबाचा पाला, जो आई हल्ली गाळते. थापून विटेएवढा जाड. आणि द्यायची रीत अशी की ताटात ठेवायचा नाही. डावा हात पाहुण्याच्या खांद्यावर, उजव्या हातानं तुकडा थेट तोंडात. "राजवाड्यातली रीत आहे," असं तुम्ही सांगायचात, आणि बाबांचे साहेब, माझ्या कॉलेजच्या प्राचार्या, वॉर्डाचे नगरसेवक, सगळे आपल्या बैठकीत तोंड उघडून उभे राहायचे.

मुदपाकखान्यात खरोखर होते अशा दोन घरांत मी गेले. रोट कोणी ऐकलेला नव्हता. एका घरातल्या काकूंनी वहीतलं प्रमाण वाचलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, महाराजांना दात होते की जातं?"

ते मी स्मृतीला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं यादी दोनदा वाचली आणि ३ नोव्हेंबरला सकाळी मला फूलबागेत नेलं. तिथं दिग्विजयसिंह रोज फिरायला येतात. एकोणऐंशी वर्षांचे, जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, आणि त्यांचे आजोबा संस्थानाच्या हत्तीखान्यात होते. मी यादी वाचायला लागले, प्रमाणं न सांगता. हिंगापाशी त्यांनी हात वर केला आणि पुढची सगळी यादी स्वतः म्हणून दाखवली. पाल्यासकट. मग म्हणाले, "और हाथ से मुँह में, है न बिटिया? थाली में रखोगे तो सूँड से उछाल देगा।"

आत्या, नगरसेवक डोळ्यांपुढे आले माझ्या.

कळल्यावर मी तुम्हाला फोन केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुकोजी गेले तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या होतात. त्यांना पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. ते हत्तीखान्यात होते का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

सोनल


शिंदे की छावनी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

आत्या,

मागच्या पत्रात "कळल्यावर मी तुम्हाला फोन केला" असं वाक्य आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही आणि वाक्य खोटं आहे. वाचणाऱ्याला वाटेल, लगेच केला. मला कळलं ३ नोव्हेंबरला, फोन केला १६ तारखेला. मधे ९ तारखेला मी पुण्याला पूर्ण प्रस्ताव पाठवला. पहिली ओळ तशीच ठेवून.

मी स्वतःला सांगितलं की एका साक्षीदारावर काही सिद्ध होत नाही. हत्तींनाही तसाच रोट देत असतील आणि महाराजांनाही, असंसुद्धा सांगून पाहिलं. ती ओळ सहा वेळा खोडली आणि सात वेळा लिहिली. मला पुस्तक हवं होतं, बाकी काही कारण नाही. म्हणजे तुम्ही खोटं बोललात म्हणून तुमच्यावर ओरडले, तेव्हा मी स्वतः आठवडाभराची खोटारडी होते. हे मला त्या दिवशीच माहीत होतं. म्हणूनच आवाज तेवढा चढला असेल.

आता तर अडकलेच आहे. गुरुवारी दुपारी तन्वीताईंचा फोन आला. लगीनसराईचे दिवस, मी "चि. सौ. कां." तपासत बसलेली, मशीन चालू, आणि त्या म्हणतात, "सोनल, बसलीयेस ना? आमच्या गुरुप्रसाद सरांना प्रस्ताव आवडलाय." हे त्यांचे प्रकाशक. सरांनी नावही ठरवलं आहे, 'राजाच्या ताटातून'.

मी म्हटलं, "पण तो ताटात देत नाहीत."

"अगं, कव्हरवर ताटच दिसतं चांगलं."

"आणि एकतीस घरं आहेत पुस्तकात. राजवाड्याचं फक्त..."

"ती असू देत ना. मागे."

मग त्यांनी विचारलं, तुझी आत्या पुण्यातच असते ना, जिनं तुला रोट शिकवला? सरांची कल्पना अशी की प्रकाशन समारंभात तुम्ही स्टेजवर यायचं आणि प्रमुख पाहुण्यांना रोट भरवायचा. खांद्यावर हात ठेवून. त्याचा व्हिडिओ करायचा.

मी म्हटलं, आत्या हल्ली बाहेर जात नाहीत. हेही खोटं. दादा सांगतो की सोसायटीतल्या बायकांचा एकही कार्यक्रम तुमच्याशिवाय होत नाही, आणि "राजवाड्याच्या सुलोचनाबाई" अशीच तुमची ओळख आहे तिथं.

फोन ठेवला तर रमाकांतजींनी पत्रिका पुढे केली. मी वराच्या आईच्या नावापुढे वधूच्या वडिलांचं नाव तसंच राहू दिलं होतं. "बेटा," म्हणाले, "किताब नंतर. आधी ह्या लोकांची शादी नीट होऊ दे."

मग मी घरी बाबांना सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं. आधी ते म्हणाले, "हाथी का खाना? आपण लोकांना हाथी का खाना खिलवत होतो?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जेवण झाल्यावर टीव्ही बंद करून आपणहून बोलले. जे बोलले ते लिहू की नको, याचा तीन दिवस विचार केला. ते तुमच्याबद्दलचं आहे, आणि मला कळलंय हे तुम्हाला न सांगता ठेवणं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून लिहिते.

बाबा म्हणाले, तुम्हाला बघायला जनकगंजची मंडळी आली होती तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि पाणी देत होते. पाहुण्यांचे वाडवडील शिलेदार. त्यांच्यातल्या थोरल्यांनी विचारलं, मुलीचे आजोबा कशात होते? तुमचे वडील खाकरले. पुन्हा खाकरले. आणि आतून, दाराआडून तुमचा आवाज आला: "मुदपाकखान्यात."

"इतका पक्का आवाज," बाबा म्हणाले, "की आमच्या बापानं पण मान हलवली. मग काय, सगळ्यांनी तेच पाठ केलं. मला तर खरं काय ते विसरायलाच झालं होतं." आणि मग: "अब मत छेड़, सोनू. ती तिकडे सुनेच्या घरात राहते. राजवाड्याची म्हणून जनकगंजला गेली, राजवाड्याची म्हणून पुण्याला गेली. ते काढून घेशील तर तिच्याकडे राहिलं काय?"

आईची हॉस्पिटलची ड्यूटी असायची म्हणून सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुमची फरशी आणि तुमचा खडू. तिथं मी लिहिलेलं पहिलं पूर्ण वाक्य कोणतं होतं, आठवतं तुम्हाला? "तुकोजी राजवाड्यात स्वयंपाक करत." तुम्ही शेजारच्यांना बोलावून दाखवलं होतंत. बावीस वर्षांनी मी तेच वाक्य जरा सजवून पुण्याला पाठवलं आणि प्रकाशकानं ते उचललं. चार वर्षं हिंडून मिळवलेलं बाकी सगळं "असू देत मागे".

तुमच्यावर रागावू की सरांवर की माझ्यावर, हे ठरत नाही. आळीपाळीनं रागावते आहे.

सोनल


शिंदे की छावनी
रविवार, ४ जानेवारी २०२६

आत्या,

काल तुमचं पाकीट आलं. जिन्यातच फाडलं मी ते. आत माझंच पत्र, ३० नोव्हेंबरचं. तुमची चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट फिरवलं. काही नाही.

मग लाल खुणा दिसल्या.

"बारा शेर" खोडून वर "सोळा. दर हत्तीमागे." सुंठेपुढे, "फक्त थंडीत." कडुनिंबाच्या पाल्यापुढे, "पोट बिघडलं असेल तरच." बस. चार पानांत तीन दुरुस्त्या, आणि तेच आखीव अक्षर, फरशीवरचं.

आत्या, काय म्हणावं तुम्हाला! महिनाभर मी हो किंवा नाही मागतेय. ते तुम्ही दिलं नाहीत, पण हत्तीच्या सुंठेत मी चूक ठेवलेली तुम्हाला बघवली नाही. मी जिन्यात बसून हसले आणि मग रडले, आणि आई वरून विचारत राहिली की कोण गेलं.

फोनवर मी तुम्हाला काय म्हणाले ते त्याच पत्रात आहे. तिथं खूण नाही. रोट राजवाड्यातला नाही असं लिहिलंय, तिथंही नाही.

सोमवारपर्यंत थांबवेना म्हणून आजच रमाकांतजींच्या घरी जाऊन पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला आणि सवयीनं मागचं पान पण पाहिलं. "प्रूफ आलंय हे," म्हणाले. "अपने धंदे का कायदा काय? गिऱ्हाईकानं ज्यावर निशाण केलं ते सुधारायचं, जे सोडलं ते मंजूर. मग ते म्हणू दे उद्या की माझ्या मुलाचं नाव गलत छापलं. साइन करके दिया है."

"त्यांनी सही नाही केली," मी म्हटलं.

"लाल स्याही म्हणजे सहीच की."

प्रेसमध्ये हा कायदा मी रोज वापरते. पण तुम्ही जिथं काही लिहिलं नाही, तिथं तुमची मंजुरी आहे असं धरून मला पुस्तक करायचं नाही. एवढं मात्र खरं की रोट हत्तींचा, याला आता दोन साक्षीदार झाले. खात्री करायला तिथून तशीच फूलबागेत गेले. तुमचा आकडा न सांगता दिग्विजयसिंहांना विचारलं, कणीक किती? ते म्हणाले, "सोलह सेर। एक के पीछे।" त्यांना मी तुकोजींचं आडनावही कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं तर बाकावरून अर्धे उठले. "रोट वाले खराडे? अरे, दादा रोज नाम लेते थे!" त्यांचे आजोबा सांगायचे की एक हत्तीण आजारी पडली, तीन दिवस तोंड उघडेना. माहूत हरले, वैद्य हरले. तुकोजींनी भट्टी विझवली, येऊन तिच्यापाशी बसले, आणि चौथ्या दिवशी तिनं त्यांच्या हातचा तुकडा घेतला. दुसऱ्या कोणाच्या हातचा घेईना. पुढे ती बरी झाली तरी तिचा रोट तुकोजींनीच द्यायचा, असा रिवाज पडला.

ही गोष्ट खरी किती, मला माहीत नाही. एका माणसाची आहे आणि ऐकीव आहे. तसंच लिहीन. पण मला वाटलं ते सांगते. चार वर्षांत मी मुदपाकखान्यातल्या तुकोजींबद्दल एकही गोष्ट ऐकली नव्हती. नुसतं पद होतं, माणूस नव्हता. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी फरशीवर हत्तीण लिहिली असती.

दादाचा परवा फोन होता. मी विचारलं, वहिनी आत्यांना काही बोलल्या का, चिडवलं का? तो म्हणाला, "हेमांगी काही म्हणालीच नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. आई रोज वाट बघते की ही आता काहीतरी म्हणेल." आणि म्हणाला की संक्रांतीच्या कार्यक्रमाला दरवर्षी रोट तुमचा असतो, यंदा तुम्ही हात दुखतो म्हणून नाही सांगितलंत.

हात दुखत असेल तर दाखवा. नसेल, तर ते माझ्यामुळे आहे. त्याची दुरुस्ती कुठल्या कागदावर करायची, ते मला समजत नाही.

सोनल


शिंदे की छावनी
रविवार, २५ जानेवारी २०२६

आत्या,

यावेळी दुरुस्ती काही नाही. दोनदा वाचून पाहिलं.

मंगळवारी मी तन्वीताईंना सांगून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत, प्रेसच्या मागच्या गल्लीत उभं राहून, कारण आत मशीन होतं आणि हे मला पुन्हा ओरडून सांगायचं नव्हतं. पणजोबा मुदपाकखान्यात नव्हते, हत्तीखान्यात होते. रोट हत्तींचा आहे. मला हे ३ नोव्हेंबरपासून माहीत होतं आणि तरीही मी प्रस्ताव पाठवला.

मग त्या म्हणाल्या, "हत्ती... गोड आहे गं. पण सर म्हणतील, मग बालविभागाकडे दे."

"हे लहान मुलांचं पुस्तक नाही."

"मला माहितीये. मी फक्त सर काय म्हणतील ते सांगतेय. बरं, एक सांग, हे तपासणार कोण आहे?"

"मी तपासलंय," मी म्हटलं.

"तसं नाही गं. बाहेरचं कोण? बघ, आपण 'असं सांगतात' लिहू. 'असं सांगतात की तुकोजी मुदपाकखान्यात होते.' त्यात खोटं काहीच नाही. आणि ताटही राहतं कव्हरवर."

मी पटकन नाही म्हटलं, असं तुम्हाला वाटायला नको. मी म्हटलं, विचार करते. आणि खरंच दोन दिवस केला. "असं सांगतात" हे इतकं सोयीचं आहे! पुस्तक होतं, सर खूश, बाबा खूश, तुम्ही स्टेजवर, सोसायटीत कोणाला काही कळत नाही. मग शुक्रवारी कराराचा मसुदा आला. बाराव्या कलमात लिहिलंय की पुस्तकातला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे, असं लेखिका सही करून देते. माझ्या माहितीप्रमाणे! सगळ्या करारात माझ्याबद्दल विचारलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तिथंच मी खोटी सही करायची?

मी तन्वीताईंना कळवलं की "असं सांगतात" चालणार नाही. त्या म्हणाल्या, मग सरांना तूच समोर येऊन सांग, मी मधे पडत नाही. पण चांगल्या आहेत त्या. वेळ मिळवून दिली, आणि शेवटी हळूच विचारलं, "ती हत्तीण बरी झाली का गं?" मी त्यांना तिच्याबद्दल फक्त एक वाक्य बोलले होते.

बहुतेक सर नाही म्हणतील. मग मी पुन्हा नागपूर, मुंबई, दिल्ली. पुन्हा मीठ चमच्यात. रमाकांतजी म्हणाले, "गणपती नको असेल तर बिना गणपती छापतो, जा." हा त्यांचा आजवरचा सगळ्यात मोठा त्याग आहे.

नवं पहिलं पान मी लिहिलंय. सरांच्या आधी तुम्हाला दाखवते.

"माझे पणजोबा तुकोजी खराडे ग्वाल्हेरच्या हत्तीखान्यात रोट भाजत. एका हत्तीला सोळा शेर कणकेचा. आमच्या घरात आम्ही त्यांना महाराजांच्या मुदपाकखान्यातले स्वयंपाकी म्हणत आलो. मीही म्हटलं, आणि खरं कळल्यावरसुद्धा एकदा लिहून पाठवलं, कारण राजाच्या स्वयंपाक्याची पणती असणं सोपं होतं. हे पुस्तक ज्यांच्या घरात राजवाडा नव्हता त्यांच्या चुलींचं आहे. त्यात आमची चूल पहिली."

दाराआडचा आवाज यात नाही. तो मी कुठेच लिहिलेला नाही. ती गोष्ट मला बाबांनी सांगितली, तुम्ही नाही, आणि तुकोजी कुठं नोकरीला होते हे जसं मी तपासू शकते तसं एकवीस वर्षांची मुलगी दाराआड उभी राहून काय विचार करत होती, हे तपासू शकत नाही. पाहुणे बाहेर बसलेत, वडील दुसऱ्यांदा खाकरलेत. मी असते तर मी पण "मुदपाकखान्यात" म्हटलं असतं. मला तर कोणी बघायलाही आलं नव्हतं, नुसत्या एका प्रकाशकासाठी मी म्हटलं. तुम्हाला ती सांगायची असेल तर पुस्तकात जागा आहे. नसेल, तर तिथं काही आहे हे वाचणाऱ्याला कळणारही नाही.

मात्र तुकोजींची ओळ बदलणार. ती मी तुम्हाला विचारून बदलत नाहीये. त्यामुळे सोसायटीतल्या बायका काही म्हणतील. वहिनी शेवटी काहीतरी म्हणतील. तुम्ही कदाचित माझ्याशी बोलणारच नाही. बाबांनी विचारलं होतं की तिच्याकडे राहिलं काय, त्यावर इतके दिवस मला उत्तर नव्हतं. आता एवढं म्हणते की भट्टी विझवून हत्तिणीपाशी बसलेला आजोबा आहे. तो तुम्ही पाहिलाय. आमच्यापैकी कोणीही नाही.

सोमवारी, ९ तारखेला संध्याकाळी मी पुण्यात उतरते. स्मृतीच्या बहिणीकडे राहायची सोय केली आहे. दादाला कळवलेलं नाही, म्हणजे तुमच्यावर भीड पडणार नाही.

"लवकरच सांगीन" असं लिहिलं तर मी पुढं ढकलीन. मी ९ नोव्हेंबरला काय केलं ते मला माहीत आहे. म्हणून वार, तारीख, वेळ लिहून ठेवते. गुरुप्रसाद सरांच्या ऑफिसात, त्यांनी करार पुढे केला की, मी आधी हे पान त्यांच्या हातात देणार आहे: मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६, सकाळी अकरा वाजता.

सोनल